अल्झायमरच्या मेंदूचे सेक्शन कसे रंगवायचे: बडोद्यातल्या हिस्टोलॉजीच्या टेबलावरून

काँगो रेड हा मुळात कापडाचा रंग. पॉल ब्योटिगर या जर्मन रसायनतज्ज्ञानं १८८३ साली तो तयार केला. कापसाच्या सुतावर तो कुठल्याही रंगबंधकाशिवाय थेट बसायचा, म्हणून त्याचं नाव झालं. पुढे १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकारानं बडोद्यात कलाभवन सुरू झालं. सुताचं रंगकाम हा तिथे रीतसर शिकवला जाणारा विषय होता. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत कलाभवनात शिकलेले आजोबा-पणजोबा आजही निघतात. त्यांच्यापैकी कुणाला विचारलं असतं, तर हा रंग सुतावर का बसतो ते त्यांनी सांगितलं असतं: रेणू लांब, सरळ आणि चपटा आहे, सेल्युलोजच्या लांब साखळीला तो समांतर चिकटतो.

अल्झायमरच्या मेंदूतल्या अमायलॉइडवरही, म्हणजे तिथे साचणाऱ्या तंतुमय प्रथिनावरही, काँगो रेड जवळपास याच कारणानं बसतो. अमायलॉइडचे तंतूही लांब, सरळ, एकसारख्या घड्यांचे असतात. या लेखात मला एवढंच ठसवायचं आहे की कुठलाही रंग आजार ओळखत नाही, तो रचना ओळखतो. कोणता रंग कोणती रचना पकडतो हे डोक्यात पक्कं असेल, तर खाली दिलेल्या पद्धती बडोद्यातल्या किंवा कुठल्याही साध्या हिस्टोलॉजी (ऊती तपासणाऱ्या) लॅबमध्ये जमतील. ते पक्कं नसेल, तर महागडी अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू) वापरूनही चुकीचा रिपोर्ट जाईल.

हे लिखाण डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) केलेल्या तंत्रज्ञांसाठी आणि पॅथॉलॉजीच्या रेसिडेंट मुलामुलींसाठी आहे. घरात आजी-आजोबांना विसरभोळेपणा असलेले काही जण हे वाचतील, त्यांना आधीच सांगतो: ही तपासणी मृत्यूनंतर, दान केलेल्या मेंदूवर होते. जिवंत माणसाच्या निदानासाठी मेंदूचा तुकडा काढत नाहीत.

शोधायचं काय?

दोन गोष्टी. पेशींच्या बाहेर साचलेल्या बीटा-अमायलॉइडच्या चकत्या, म्हणजे प्लाक. आणि चेतापेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा झालेला गुंता, म्हणजे टँगल. तिसरी गोष्ट या दोन्हींच्या मधली: ज्या प्लाकभोवती टाऊनं भरलेले, सुजलेले चेतातंतू असतात ते न्यूरिटिक प्लाक. रिपोर्टमध्ये त्यांना वेगळं मोजतात, म्हणून त्यांच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

आलोइस अल्झायमर यांनी ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत आउगुस्टे डी. या रुग्ण स्त्रीची केस मांडली, तेव्हा त्यांच्या हातात माक्स बील्शोव्हस्की यांची चांदीची पद्धत होती. ती तेव्हा अगदी ताजी होती. तिच्यामुळेच पेशींतले गुंते काळे उठून दिसले. प्रागमध्ये ओस्कर फिशर यांनी १९०७ मध्ये याच पद्धतीनं प्लाकचं बारीक वर्णन केलं, पण आजाराला नाव अल्झायमरचंच मिळालं, तेही १९१० साली मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांच्या पाठ्यपुस्तकातून. प्लाकमध्ये अमायलॉइड आहे हे काँगो रेड आणि ध्रुवित प्रकाश वापरून बेल्जियमच्या डिव्हरी यांनी १९२७ मध्ये दाखवलं. ते अमायलॉइड नेमकं कोणतं प्रथिन, हे कळायला १९८४ उजाडलं. त्या वर्षी ग्लेनर आणि वाँग यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून ते वेगळं काढलं. म्हणजे अर्ध्या शतकाहून जास्त काळ लोक रंगावरून फक्त ‘इथे काहीतरी तंतुमय आहे’ एवढंच म्हणत होते, आणि ते बरोबरच होतं.

हात लावण्याआधी

मेंदू लॅबमध्ये आला की पहिला प्रश्न रंगाचा नाही. रुग्णाची स्मृती किती वेगानं गेली, हा आहे. काही महिन्यांतच माणूस पूर्ण खचला असेल, अंगाला झटके येत असतील, तर क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजाराची शक्यता धरूनच चाला. तो प्रायॉन या चुकीच्या घडीच्या प्रथिनानं होतो, आणि त्याचा संसर्ग फॉर्मेलिननं मरत नाही. अशा मेंदूचे तुकडे फिक्सेशननंतर (फॉर्मेलिनमध्ये ऊती पक्की झाल्यावर) आणि प्रोसेसिंगच्या (मेणात बसवण्याच्या तयारीच्या) आधी ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र फॉर्मिक आम्लात एक तास ठेवतात, मग पुन्हा फॉर्मेलिनमध्ये. त्यानं संसर्गक्षमता खूप कमी होते. शंका असेल तर नेहमीच्या टिश्यू प्रोसेसरमध्ये तो ब्लॉक (मेणात बसवायचा तुकडा) टाकू नका, हातानं प्रोसेस करा. आणि ज्या केंद्राला याची सवय आहे त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे, तिथल्या लोकांचा या कामात हातखंडा आहे.

नातेवाइकांची लेखी संमती, मृत्यूची वेळ, मेंदू काढल्याची वेळ, फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ या चार गोष्टी रजिस्टरमध्ये असल्याच पाहिजेत. रंग फिका का आला याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

फिक्सेशन आणि ग्रॉसिंग (तपासणीचे तुकडे काढणं)

१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन वापरा. एक लिटरसाठी बाजारात मिळणारं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मेल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर न घालता नळाच्या पाण्यात पातळ केलेलं फॉर्मेलिन आम्लधर्मी होत जातं, आणि मग सेक्शनवर, म्हणजे ऊतीच्या पातळ कापावर, तपकिरी फॉर्मेलिन पिगमेंट येतं. चांदीच्या स्टेनमध्ये ते वाचणाऱ्याला छळतं.

प्रौढ मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा. तो बादलीच्या तळाशी टेकला तर त्या बाजूनं चपटा होतो, म्हणून तळाच्या बॅसिलर धमनीखालून जाड दोरा ओवून बादलीच्या कडांना बांधा आणि मेंदू उलटा लोंबकळत ठेवा. फॉर्मेलिन मेंदूच्या आकारमानाच्या निदान दहापट हवं. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा बदला. दोन ते तीन आठवडे थांबा. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा बादली बंद खोलीत, गच्चीखालच्या स्टोअरमध्ये ठेवायचा मोह टाळा. वाफ कोंडते आणि नाका-डोळ्यांची आग होते. हवेशीर जागा हवी.

उलट, मेंदू वर्षानुवर्षं फॉर्मेलिनमध्ये पडून राहिला तर अँटिबॉडी नीट बसत नाहीत. चांदी मात्र जुन्या ऊतीतही बऱ्यापैकी चालते. जुने संग्रह तपासताना हा फरक लक्षात ठेवा.

कुठून तुकडे घ्यायचे? अमेरिकेच्या एनआयए-एए (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग आणि अल्झायमर्स असोसिएशन) गटानं २०१२ मध्ये दिलेली यादी जगभर चालते. मधला फ्रंटल गायरस, वरचा आणि मधला टेम्पोरल गायरस, खालचा परायटल लोब, एंटोरायनल कॉर्टेक्ससह हिप्पोकॅम्पस, ऑक्सिपिटल कॉर्टेक्स, अमिग्डाला, बेसल गँग्लिया, थॅलॅमस, सबस्टान्शिया नायग्रासह मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला आणि सेरिबेलम. पैसे आणि हात दोन्ही कमी असतील तर माझी निवड अशी: फ्रंटल, टेम्पोरल, परायटल, ऑक्सिपिटल, हिप्पोकॅम्पस-एंटोरायनल, बेसल गँग्लिया, मिडब्रेन, सेरिबेलम. शेवटचे तीन ‘तिथे काय असणार’ म्हणून सोडले जातात. पण अमायलॉइड किती लांबवर पसरलंय हे त्यांच्याशिवाय सांगताच येत नाही.

तुकडे ३-४ मिलिमीटरपेक्षा जाड नकोत. मेंदूत चरबी भरपूर, त्यामुळे प्रोसेसिंगला इतर ऊतींपेक्षा जास्त वेळ द्या. किडनीच्या वेळापत्रकावर मेंदूचा ब्लॉक काढला तर मध्यभाग मऊ राहतो आणि सेक्शनला भोक पडतं.

सेक्शन

जाडी स्टेनप्रमाणे ठरवा. एच अँड ई (हिमॅटॉक्झिलिन आणि इओसिनचा नेहमीचा स्टेन) आणि अँटिबॉडीसाठी ५ मायक्रॉन, बील्शोव्हस्की आणि काँगो रेडसाठी ८ ते १०. काँगो रेडचा सेक्शन ४-५ मायक्रॉनचा काढला तर ध्रुवित प्रकाशात हिरवी झाक इतकी पुसट येते की पॉझिटिव्ह केस निगेटिव्ह वाटते.

उन्हाळ्यात ब्लॉक बर्फावर ठेवा, नाहीतर रिबन चुरगळते. वॉटर बाथ ४२ ते ४५ अंश सेल्सिअस. स्लाइड कोटेड घ्या. चांदीच्या स्टेनमधली अमोनियाची द्रावणं क्षारीय असतात आणि साध्या काचेवरून सेक्शन उचलून नेतात. रात्रभर ३७ अंशाला वाळवा.

काचा पुसायला कापूस वापरू नका. कापसाचा एखादा धागा स्लाइडवर राहिला तर तो काँगो रेड घेतो आणि ध्रुवित प्रकाशात चमकतोही. सुताचा रंग आहे, सुतावर बसणारच.

एच अँड ई प्रत्येक ब्लॉकवर करा. प्लाक त्यात धूसर गुलाबी दिसतात, टँगल नजर बसल्यावर कळतात. शिवाय चेतापेशी किती गेल्या, जुना पक्षाघात आहे का, संसर्ग आहे का, हे सगळं तिथेच समजतं. स्मृतिभ्रंशाला एकच कारण असेल असं कुणी सांगितलेलं नाही.

पाण्याची परीक्षा

चांदीच्या स्टेनचा खरा शत्रू क्लोराइड. आजव्याचं पाणी असो की महीचं, महापालिकेच्या नळाला क्लोरिन असतंच, आणि शहराबाहेरच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. चांदीशी क्लोराइड भेटलं की पांढरा सिल्व्हर क्लोराइडचा साका, आणि सेक्शनभर काळे ठिपके. आरओचं पाणी प्यायला उत्तम, पण डिस्टिल्ड वॉटरची जागा ते घेत नाही.

सोपी परीक्षा आहे. स्वच्छ परीक्षानळीत वापरायचं पाणी घ्या, त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे काही थेंब टाका. दुधाळ झालं तर ते पाणी बील्शोव्हस्कीसाठी बाद. नवा कॅन उघडला की दर वेळी करा. काचेची भांडी पातळ नायट्रिक आम्लानं धुऊन याच पाण्यानं खळबळा. धातूचा चिमटा चांदीच्या द्रावणात घालायचा नाही, प्लास्टिकचा वापरा.

बील्शोव्हस्की: सुधारित पद्धत

एकच स्टेन करता येणार असेल तर ही करा. प्लाक, टँगल आणि न्यूरिटिक प्लाकचे सुजलेले तंतू तिन्ही एका स्लाइडवर दिसतात. या पद्धतीचं रसायन जुन्या फोटोग्राफीचंच आहे: ऊतीवर चांदी बसवायची, मग फॉर्मेलिननं तिचं धातूत रूपांतर करायचं, आणि उरलेली हायपोनं (सोडियम थायोसल्फेटनं) काढायची.

आधी डेव्हलपर करून ठेवा: डिस्टिल्ड वॉटर १०० मिली, फॉर्मेल्डिहाइड २० मिली, सायट्रिक आम्ल ०.५ ग्रॅम, तीव्र नायट्रिक आम्लाचा एक थेंब.

१. झायलीन, उतरत्या अल्कोहोलमधून सेक्शन डिस्टिल्ड वॉटरपर्यंत आणा. चांगलं धुवा.

२. २० टक्के सिल्व्हर नायट्रेटमध्ये अंधारात २० मिनिटं. कपलिन जारला (स्लाइड उभ्या ठेवायच्या भांड्याला) काळा कागद गुंडाळला तरी पुरे.

३. स्लाइड काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा. आता त्याच सिल्व्हर नायट्रेटमध्ये तीव्र अमोनिया थेंब थेंब टाका आणि ढवळत राहा. आधी तपकिरी साका येईल, मग तो विरघळायला लागेल. साका जेमतेम नाहीसा झाला की दोन थेंब आणखी, आणि थांबा. हे काम फ्यूम हुडमध्येच.

४. या अमोनियायुक्त चांदीत स्लाइड अंधारात १५ ते २० मिनिटं.

५. स्लाइड अमोनिया घातलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवा. तेवढ्यात जारमधल्या ५० मिली चांदीत डेव्हलपरचे ३ थेंब घालून ढवळा.

६. स्लाइड परत आत. तीन ते पाच मिनिटांत सेक्शन सोनेरी तपकिरी होतो. घड्याळावर विसंबू नका. एक स्लाइड काढा, अमोनियाच्या पाण्यात बुडवा, सूक्ष्मदर्शकाखाली बघा. टँगल काळे आणि पार्श्वभूमी पिवळसर तपकिरी हवी.

७. अमोनियाच्या पाण्यात, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवा.

८. ५ टक्के सोडियम थायोसल्फेटमध्ये एक-दोन मिनिटं. पाण्यात धुऊन, चढत्या अल्कोहोलमधून झायलीन आणि डीपीएक्स (वरची काच चिकटवणारं माध्यम).

सगळी नजाकत तिसऱ्या पायरीत आहे. अमोनिया जास्त झाला तर रंग फिका येतो, कमी पडला तर साक्याचे कण सेक्शनवर बसतात. नवख्या माणसाच्या हातून इथे हमखास घाई होते, कारण शेवटचा साका विरघळायला वेळ लागतो आणि हात थांबत नाही. ड्रॉपर बदला, बारीक तोंडाचा घ्या.

सेक्शन पुरता काळा झाला तर बहुतेक वेळा डेव्हलपर जास्त पडलेलं असतं, किंवा जार मागच्या वेळी नीट धुतलेला नसतो. नुसते विखुरलेले काळे कण आणि तंतू मात्र नीट, असं असेल तर पाण्यात क्लोराइड. तंतू रंगले, पण टँगल दिसत नाहीत, आणि कंट्रोल स्लाइडवर दिसतात? मग त्या ब्लॉकमध्ये नसतीलच. म्हणून ज्ञात अल्झायमर केसच्या हिप्पोकॅम्पसची कंट्रोल स्लाइड प्रत्येक वेळी सोबत हवी. कंट्रोलशिवायचा निगेटिव्ह हा निगेटिव्ह नाही.

एक सूचना कधीही न विसरण्याची: अमोनियायुक्त चांदी उरली म्हणून बाटलीत ठेवायची नाही. ती साठवली तर तिच्यात स्फोटक संयुगं तयार होतात. काम संपलं की लगेच मिठाचं द्रावण किंवा पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालून सगळी चांदी पांढऱ्या साक्यात आणा. तो साका वेगळ्या डब्यात जमवा, चांदी परत काढून देणारे शहरात मिळतात. मोरीत ओतायचं नाही.

गॅलियास, कॅम्पबेल-स्विट्झर, बोडियन या चांदीच्याच इतर पद्धती. गॅलियास टँगल आणि बारीक टाऊतंतूंसाठी फार सुंदर, पण तिची द्रावणं नाजूक आहेत. बील्शोव्हस्कीवर हात बसल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका. मात्र एका ठिकाणी ती उपयोगी पडते: पिक आजारातले (स्मृतिभ्रंशाच्याच दुसऱ्या एका आजारातले) गोल पिंड बील्शोव्हस्कीत काळे येतात, गॅलियासमध्ये येत नाहीत.

काँगो रेड, पुखत्लर यांच्या रीतीनं

बेनहोल्ड यांनी १९२२ मध्ये हा रंग पहिल्यांदा अमायलॉइडसाठी वापरला, पण त्यात जादा रंग काढून टाकण्याची पायरी होती आणि तिथे हात चुकायचा. पुखत्लर यांनी १९६२ मध्ये क्षारीय, मिठानं संपृक्त अल्कोहोल वापरून ती पायरीच काढून टाकली. मीठ आणि क्षार मिळून रंगाला इतरत्र चिकटू देत नाहीत.

दोन साठे करा. पहिला: ८० टक्के अल्कोहोल, त्यात विरघळेल तितकं मीठ. दुसरा: तोच, त्यात काँगो रेडही संपृक्त, आणि एक दिवस तसाच ठेवलेला. वापरायच्या क्षणी प्रत्येक १०० मिलीला १ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचा १ मिली घाला आणि गाळा. रंगाचं द्रावण क्षार घातल्यावर पंधरा मिनिटांच्या आत वापरायला घ्या.

सेक्शन हिमॅटॉक्झिलिननं हलका रंगवा, धुवा. पहिल्या द्रावणात २० मिनिटं. न धुता थेट दुसऱ्यात २० मिनिटं. मग शुद्ध अल्कोहोलमध्ये भरभर तीन बुड्या, झायलीन, डीपीएक्स. पावसाळ्यात इथे गडबड होते: उघड्या जारमधलं शुद्ध अल्कोहोल हवेतली ओल ओढून घेतं, मग झायलीन दुधाळ होतं आणि सेक्शन धुरकट. जुलै-ऑगस्टमध्ये शेवटचं अल्कोहोल रोज नवं घ्या आणि जारवर झाकण ठेवा. काँगो रेड बेंझिडीन या कर्करोगकारक रसायनापासून बनतो, म्हणून पावडर मोजताना हातमोजे आणि मास्क.

वाचताना: साध्या प्रकाशात विटकरी गुलाबी, ध्रुवित प्रकाशात हिरवं. सूक्ष्मदर्शकाला ध्रुवण जोड नसेल तर ध्रुवक फिल्मचे दोन तुकडे पुरतात, एक कंडेन्सरखाली, एक स्लाइडच्या वर. वरचा असा फिरवा की मोकळं क्षेत्र काळंकुट्ट होईल. त्यानंतर कोलॅजन पांढरट चंदेरी चमकेल, त्याकडे दुर्लक्ष करा. हिरवं तेच अमायलॉइड. रक्तवाहिनीच्या भिंतीत ते दिसलं तर वेगळी नोंद करा, कारण तशा भिंती फुटून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

एक मर्यादा: ज्या प्लाकमध्ये अमायलॉइड अजून घट्ट तंतूंत जमलेलं नाही, ते विखुरलेले प्लाक काँगो रेडला दिसतच नाहीत. रचना नाही, तर रंगही नाही.

थायोफ्लाविन एस

फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर ही सगळ्यात झटपट होणारी. १ टक्का जलीय द्रावण, ५ ते ८ मिनिटं, ८० टक्के अल्कोहोलमध्ये पार्श्वभूमी फिकी होईपर्यंत, पाणी, आणि पाण्यात मिसळणारं ग्लिसरीनचं माउंटंट. निळ्या प्रकाशात प्लाक आणि टँगल दोन्ही हिरवे झळकतात. म्हातारपणी चेतापेशींत साठणारं लिपोफ्युसिनही आपणहून पिवळसर झळकतं आणि घोटाळा करतं, म्हणून न रंगवलेला सेक्शन शेजारी ठेवा. जिवंत माणसाच्या पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड दाखवणारं पिट्सबर्ग कंपाउंड बी हे थायोफ्लाविन टीपासूनच घडवलेलं आहे. आधी स्लाइडसाठी, मग माणसासाठी, असा हा उलटा प्रवास मला फार आवडतो.

अँटिबॉडी

अँटिबॉडी तंतूचा आकार बघत नाही, प्रथिनाचा नेमका भाग बघते. त्यामुळे विखुरलेले प्लाकही पकडते, आणि टँगल होण्याआधीचं पेशीतलं टाऊही.

बीटा-अमायलॉइडसाठी ६ई१० किंवा ४जी८, टाऊसाठी एटी८ या रुळलेल्या अँटिबॉडी आहेत. एटी८ टाऊच्या २०२ आणि २०५ या जागांवरचं फॉस्फेट बसलेलं रूप ओळखते.

सेक्शन पाण्यापर्यंत आणा, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं. बीटा-अमायलॉइडसाठी मग ८० ते ९० टक्के फॉर्मिक आम्ल ५ मिनिटं, फ्यूम हुडमध्ये, जाड हातमोजे घालून. हे टाळलं तर तंतूंच्या घड्यांत लपलेला भाग उघडत नाही आणि अर्धे प्लाक गायब होतात. वाहत्या पाण्यात भरपूर धुवा. एटी८साठी फॉर्मिक आम्ल नको; बहुतेक ब्लॉकमध्ये सायट्रेट बफर, पीएच ६, उकळत्या तापमानाला पुरतो. ब्लॉकिंग, प्राथमिक अँटिबॉडी ४ अंशाला रात्रभर, सकाळी पॉलिमर एचआरपी (अँटिबॉडीला चिकटणारं एन्झाइम), डीएबी (त्यावर तपकिरी रंग आणणारं रसायन) साधारण ५ मिनिटं नजर ठेवून, हिमॅटॉक्झिलिन, डीपीएक्स.

अँटिबॉडी किती पातळ करायची हे माहितीपत्रकावरून उचलू नका. तीन-चार प्रमाणं तुमच्याच कंट्रोलवर लावून बघा. तुमचं फॉर्मेलिन, तुमचा उन्हाळा, तुमचं पॉलिमर वेगळं आहे. एक स्लाइड प्राथमिक अँटिबॉडीशिवाय चालवा. त्यावरही तपकिरी आलं तर बाकी सगळ्यावर शंका घ्या. डीएबीचा कचरा वेगळा जमवा.

वाचायचं कसं आणि लिहायचं काय

एनआयए-एए पद्धतीत तीन अक्षरं आहेत. ए म्हणजे अमायलॉइड कुठवर पोचलं. थाल यांच्या टप्प्यांत ते आधी निओकॉर्टेक्स (मेंदूची बाहेरची साल), मग हिप्पोकॅम्पसचा भाग, मग बेसल गँग्लिया-थॅलॅमस, मग ब्रेनस्टेम, शेवटी सेरिबेलम असं पसरतं. पहिले दोन टप्पे ए१, तिसरा ए२, चौथा-पाचवा ए३. बी म्हणजे ब्राक टप्पे, टँगलसाठी. एंटोरायनलच्या कडेपुरतं असेल तर बी१, हिप्पोकॅम्पस आणि लगतच्या टेम्पोरलपर्यंत बी२, सगळ्या निओकॉर्टेक्सभर बी३. सी म्हणजे न्यूरिटिक प्लाकची दाटी, चौरस मिलिमीटरला १ ते ५ सी१, ६ ते १९ सी२, २० किंवा जास्त सी३.

सी ठरवायला अमायलॉइडची अँटिबॉडी चालत नाही. तिला प्लाक दिसतो, पण भोवतीचे सुजलेले तंतू दिसत नाहीत. त्यासाठी बील्शोव्हस्की किंवा थायोफ्लाविन लागतंच. दोन्ही अँटिबॉडी परवडणाऱ्या लॅबनंसुद्धा चांदीची बाटली फेकू नये, असं मी म्हणतो ते म्हणूनच.

ए३, बी३ आणि सी२ किंवा सी३ आलं, तर अल्झायमरचे बदल तीव्र. फक्त टँगल, तेही हिप्पोकॅम्पसभोवती, आणि अमायलॉइड नाही, असं वृद्ध मेंदूत दिसलं तर त्याला वयाशी जोडलेला टाऊविकार हे वेगळं नाव २०१४ पासून आहे. त्याला अल्झायमर म्हणू नका. उलट, हसतखेळत गेलेल्या ऐंशीच्या आजींच्या मेंदूतही थोडे प्लाक सापडतात. म्हणून रिपोर्टमध्ये ‘अल्झायमरचा रुग्ण’ असं लिहायचं नाही. ‘अल्झायमरचे ऊतीतले बदल: मध्यम, ए२ बी२ सी२’ असं लिहायचं आणि स्मृतिभ्रंश होता की नाही हे न्यूरॉलॉजिस्टच्या नोंदीवर सोडायचं. नातेवाईक समोर येऊन “काका, आम्हाला पण होईल का हो?” असं विचारतात. स्लाइडवरून त्याचं उत्तर मिळत नाही हे सरळ सांगा आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवा.

थायोफ्लाविनच्या स्लाइड अंधारात, थंड जागी ठेवा आणि आठवड्याभरात फोटो काढून घ्या. बील्शोव्हस्कीच्या स्लाइड हायपो नीट धुतली असेल तर वर्षानुवर्षं टिकतात. आउगुस्टे डी.च्या मेंदूच्या मूळ स्लाइड १९९०च्या दशकात म्युनिकच्या संग्रहात सापडल्या, आणि त्यांवर प्लाक आणि टँगल ओळखता आले. ब्लॉक मात्र ऊन न लागणाऱ्या कपाटात ठेवा; बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेले ब्लॉक मऊ पडून एकमेकांना चिकटतात, आणि नंबर पुसले जातात.